दीड हाताचा धबधबा

घुमरीला कसं जायचं, सोबत काय न्यायचं, भाकरी कुठं मिळते आणि पाय कुठं घसरतो, हे सगळं पुढं येतंच आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगून मोकळा होतो. ती सांगितल्याशिवाय हा प्रवास वाचकाला कळायचा नाही आणि मलाही पुढं लिहवायचं नाही.

पाच वर्षांपूर्वी, महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या पावसाळ्यात, याच साप्ताहिकात माझा एक फोटो छापून आला होता. गर्द झाडी, मधून कोसळणारी पांढरीशुभ्र धार, खाली काळाभोर डोह. फोटोखाली ओळ होती, ‘केळापूर तालुक्यातील घुमरीचा धबधबा’. तो अंक ज्यांनी जपून ठेवला असेल त्यांनी कृपा करून ती ओळ खोडावी. तो घुमरीचा धबधबा नव्हे. तो धबधबाच नव्हे. पांढरकवड्याच्या रस्त्याकडेच्या एका वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, सांडणारं ते पावसाचं पाणी होतं. उंची दीड हात. डोह म्हणजे बैलाच्या खुरांनी झालेला खड्डा. आणि गर्द झाडी म्हणजे तरोटा. पाऊस लागला की आमच्याकडे उकिरड्यापासून देवळापर्यंत उगवतो, बायका खुडून भाजी करतात, तोच वीतभर तरोटा.

त्या दिवशी मी निघालो होतो घुमरीलाच. जंगलाच्या तोंडाशी कोणी तरी म्हणालं, पिल्लांसकट अस्वल फिरतंय. माझे पाय तिथूनच वळले. पण रोल कॅमेऱ्यात भरलेला आणि संपादकांना शब्द दिलेला. परतताना तो धुरा दिसला. चिखलात पालथा पडलो, कॅमेरा जमिनीला टेकवला आणि झडप जरा जास्त वेळ उघडी ठेवली. थेंब सुटे दिसले की पाण्याचं खरं माप कळतं. धार दुधासारखी आली की कळत नाही. ही आमच्या धंद्यातली विद्या. तिचा असा उपयोग मी आधी केला नव्हता आणि नंतरही नाही. पण एकदा पुरला.

फोटोची वाहवा झाली. मी तो मोठा करून यवतमाळच्या माझ्या स्टुडिओत दर्शनी भिंतीवर लावला. मी मुळात कमी बोलणारा. डार्करूमच्या अंधारात अर्धं आयुष्य गेलं की बोलायची सवय राहत नाही. कोणी स्तुती केली की मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा. मला ते सोयीचं होतं.

यंदा श्रावणात मनवर गुरुजी स्टुडिओत आले. कळंबजवळच्या एका खेड्यात शाळामास्तर. वय पस्तिशीचं, अंगात स्वच्छ पांढरा सदरा, बगलेत छत्री. नोकरीच्या कागदांना लावायला फोटो हवा होता. बाकावर बसायचं सोडून ते भिंतीसमोर उभे राहिले.

“हा तुम्ही काढला, भाऊसाहेब?”

मी मान खाली घातली.

“मले एकदा इथं घेऊन चला. खर्च माझा. फक्त हा धबधबा मले डोळ्यानं दाखवा.”

का ते मी विचारलं नाही. मनात मात्र हिशेब चालू झाला. गुरुजींना खरा घुमरी दाखवला, तिथं खरा फोटो काढला, तर जुना खोटा आपोआप खऱ्यात जमा होईल. कोणाला काही सांगावं लागणार नाही. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला इतका पोरकट विचार सुचतो आणि तो त्याला शहाणपणाचा वाटतो, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

शनिवार, पांढरकवडा

सकाळच्या एसटीनं निघालो. माझ्याजवळ घडीचा कॅमेरा, लाकडी स्टँड आणि बारा फोटोंचा एकच रोल. हल्ली रोल मिळायची मारामार आहे. गुरुजींजवळ छत्री, एक पिशवी आणि अमाप उत्साह. प्रत्येक नाला आला की खिडकीतून मान बाहेर काढून त्याचं नाव सांगायचे. कंडक्टर वैतागला. “गुरुजी, मान अंदर घ्या. नाल्याचं नाव राहीन, तुमची मान जाईन.”

पांढरकवड्याला उतरून आलुबोंडे घेतले. वर लालभडक तर्री. यवतमाळची तर्री तिखट असते. इथली त्याहून तिखट, पण मागून गोडसर चव येते. गुळाचा खडा टाकत असावेत. दुसरा बोंडा तोंडात घालणार तेवढ्यात गुरुजींनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. अंकातून कापलेला माझा फोटो. घड्यांवर पांढऱ्या रेघा पडलेल्या.

“हा छापून आला ना, तवा मी शाळेतली अठरा पोरं घेऊन इथं आलतो. चौथीचे. आपल्या जिल्ह्यात एवढा धबधबा हाये अन् पोरायनं पाहू नये?”

“मग?”

“एक धबधबा लागला. चांगला मोठा होता. पण थो हा नव्हता. झाडं जुळेनात, डोह जुळेना. जंगलचा गार्ड म्हणे, हेच घुमरी. मी त्याले म्हटलं, बाबा, छापलेलं खोटं असते का? अन् नेलं पोरायले पुढं.”

पुढं वाट चुकली. रात्र अठरा पोरांसह झाडाखाली गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच गार्डनं त्यांना शोधून बाहेर काढलं. नामदेव नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाला ताप भरला आणि तो पंधरा दिवस उतरला नाही. मूल वाचलं. पण गावात गुरुजींचं नाव पडलं, ‘धबधबा हरवणारे मास्तर’. त्यानंतर गावानं शाळेची सहल निघू दिली नाही.

गुरुजींचं घर छप्पन सालच्या धम्मदीक्षेतलं. त्या शाळेवर आलेले त्या समाजातले ते पहिले मास्तर. त्यामुळे त्यांची चूक त्यांच्या एकट्याची राहिली नव्हती. “आमच्या लोकायले लोक म्हणत, पाह्यलं, पोरं कोणाच्या हाती देल्ली होती?” हे सांगतानाही ते हसत होते. “म्हणून म्हटलं, जागा एकदा पक्की पाहून घ्यावी. चूक कुठं झाली थे तं कळंन.”

दुसरा बोंडा मी परत पानात ठेवला. चूक कुठं झाली ते त्यांच्या शेजारीच बसलं होतं. तिथंच बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “चहा घेऊ या का?”

शनिवार, तांडा

पांढरकवड्यापासून तीन कोस चालून संध्याकाळच्या आत तांड्यावर पोचलो. ही चाल सुंदर आहे, जरूर करावी. दोन्ही बाजूला सागवान. त्याची पानं इतकी मोठी की पावसाचा थेंब पानावर पडलेला आधी ऐकू येतो आणि मग अंगावर येतो. मधूनमधून कपाशीची वावरं. एका नाल्यात माझी वहाण चिखलात रुतली आणि पाय एकटाच वर आला. ती काढायला गुरुजी वाकले, तर त्यांची छत्री पाण्यात पडून चालू लागली. छत्रीमागं धावणारा मास्तर आणि एका पायावर उभा फोटोवाला, हे पाहून गुराख्यांनी गुरं थांबवली आणि मनमुराद हसून घेतलं. मग छत्रीही काढून दिली.

तांड्याचे नाईक लालसिंग यांनी राम राम करून खाट टाकली. आमच्याकडं पाहुणा आला की आधी ‘काय काम काढलं?’ विचारतात, मग पाणी. इथं पाणी, मग गूळ, मग तुमचं गाव, तुमच्या गावची विहीर, पाऊसपाणी. कामाचं कोणी विचारतच नाही. काम स्वतःच सांगायची पाळी येते. बंजाऱ्यांचे पूर्वज बैलांवर माल लादून देशभर फिरत. आता हे लोक शेती करतात, पण वाटसरूला कसं वागवावं हे वाटेवर राहिलेल्यांनाच जास्त कळत असावं.

नाइकांची आई ऐंशीच्या घरात. तिला सगळा तांडा याडी म्हणतो, म्हणजे आई. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, नजर तीक्ष्ण. तिनं ज्वारीची भाकरी आणि काटवलाची भाजी वाढली. काटवल आम्ही चिरून परततो. तिनं अख्खी भरून केली होती, तीळ आणि लाल मिरची घालून. मी तीन भाकरी खाल्ल्या. चौथी वाढतानाच घोटाळा झाला.

गुरुजींनी तो कागद काढून याडीला दाखवला. तिनं तो कंदिलाजवळ धरला, उलटा केला, सुलटा केला.

“हे तं तरोटा हाये.”

सगळी खाट हसली.

“हसता कायले? पानं पाय ना याची, जोडी-जोडीनं. जनम गेला माहा तरोटा खुडन्यात. बाप्पा, एवढाल्या तरोट्याची भाजी कराची म्हनलं तं कुऱ्हाड लागंन!”

“याडी, गप वं,” लालसिंग म्हणाले. “पाहुन्यायची चीज हाये.”

आणि मग गुरुजी उठून बसले. इतके शांत गृहस्थ, पण आवाज चढला. “आजी, तुमची नजर चुकून राह्यली. हे भाऊसाहेब सोता तिथं गेलते. अस्वलाच्या जंगलात, एकटे. लोक घाबरून मागं फिरतात तिथून!”

अस्वलाची गोष्ट मीच त्यांना स्टुडिओत फोटो काढताना सांगितली होती. शेवट जरा बदलून.

याडीनं माझ्याकडं पाहिलं. “काहून रे भाऊ? तरोटा नाई का हा?”

माझ्या तोंडात घास होता. तो मी बराच वेळ चावला. याडीनं उत्तराची वाट पाहिली, मग कागद गुरुजींच्या हातात दिला आणि मला न विचारता चौथी भाकरी वाढली. मला मार बसला असता तरी इतकं लागलं नसतं.

रविवार, घुमरी

लालसिंग वाट दाखवायला स्वतः आले. तांड्यापासून घुमरी दोन तासांची वाट, पण आम्हाला तीन लागले. गुरुजी वाटेतल्या प्रत्येक झाडाचं नाव विचारायचे, नाईक सांगायचे, आणि गुरुजी ते वहीत टिपून घ्यायचे. मोह, तेंदू, धावडा, बिबा. बिब्याला हात लावू नका, हे नाइकांनी मी हात लावल्यावर सांगितलं. अंगठा आठ दिवस सुजलेला होता. या लेखातलं अक्षर कंपोझिटरला लागलं नाही तर दोष बिब्याचा.

शेवटच्या चढावर आवाज आला. आधी तो वाऱ्यासारखा वाटतो. मग पायाखालच्या खडकातून येतोय असं वाटतं. मग झाडं बाजूला होतात आणि समोर घुमरी.

काय सांगू! पाच पुरुष उंचीचा काळा कातळ, आणि त्यावरून पाणी उतरत नाही, उड्या घेतं. मध्ये एका कपारीवर आपटून त्याचे तीन फाटे होतात आणि खाली पुन्हा एक होतात. पन्नास पावलांवर उभं राहिलं तरी तोंड भिजतं. एवढा देखणा धबधबा आपल्या जिल्ह्यात आहे, आणि मी अर्ध्या वाटेवरून पळून जाऊन लोकांना धुरा दाखवला! मी सगळं विसरून स्टँड उभा करू लागलो. खांद्यावरचा भार उतरला असं वाटलं. आता गुरुजी खूश होतील, आपण घरी जाऊ, संपलं.

मागं पाहिलं. गुरुजींच्या हातात कागद होता. ते कागदाकडं पाहत होते, धबधब्याकडं पाहत होते. चेहरा हळूहळू पडत होता.

“हा नाही, भाऊसाहेब.”

लालसिंग म्हणाले, “गुरुजी, हेच घुमरी. माह्या बापजाद्यापासून हेच.”

“नाईक, तुम्ही खरे असान. पण इथं मी आलतो. याच दगडावर पोरं बसली होती, मोजली होती मी. हा थो नाही.” त्यांनी कागदाची घडी घातली आणि माझ्याकडं पाहून हसले. “चला, पुढं जाऊ. तुम्हाले आठवत असंन ना वाट?”

पुढं वाट नव्हती. पुढं तेच जंगल होतं ज्यात अठरा पोरं हरवली होती. ‘आठवत नाही’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. ‘पावसानं जागा बदलली’ म्हटलं असतं तरी गुरुजींनी मानलं असतं. त्यांनी माझं काहीही मानलं असतं, हेच मला सहन होईना.

“गुरुजी, पुढं काही नाही,” मी म्हणालो. “याडी बरोबर बोलली. तो तरोटाच आहे.”

मग मी सगळं सांगितलं. धुरा, खड्डा, अस्वल, पालथं पडणं. धबधब्याच्या आवाजामुळं ओरडून सांगावं लागलं. आयुष्यात एकदा कबुली द्यायची वेळ आली तीही घसा ताणून.

लालसिंगांना हसू आवरेना. “आई शप्पथ! याडीनं कंदिलात वळखलं!” ते गुडघ्यावर हात मारून हसले आणि मग गुरुजींकडं पाहून एकदम थांबले.

गुरुजींनी हात पुढं करून कोपरापासून माप दाखवलं. “एवढा?”

“त्याहून थोडा जास्त. दीड हात.”

“अन् थो गार्ड खरं बोलून राह्यलता.”

“हो.”

“म्हंजे मी पोरायले बरोबर जागी आणलं होतं.” ते दगडावर बसले. हात फिरवून तो दगड पाहिला. “अठराच्या अठरा पोरायले बरोबर जागी आणलं होतं मी. अन् मीच त्यायले म्हटलं, उठा, हा नव्हे.”

ते दगडावर हात फिरवतच राहिले. मला राहवेना. म्हटलं, “गुरुजी, रागवा तरी.”

“रागावूनच राह्यलो ना! दिसत नाही का? मले वेळ लागते.” मग खरोखरच आवाज चढला. “पाच वर्षं, भाऊ! एक पोस्टकार्ड टाकता येत नव्हतं तुम्हाले? ‘थो धबधबा नाही, धुरा हाये’, एवढंच?”

भाऊसाहेबाचा भाऊ झालो होतो. ते मला बरं वाटलं.

गुरुजी उठले, चपला काढल्या, सदरा-धोतरासकट पाण्याच्या कडेला गेले आणि धारेच्या फाट्याखाली सरळ उभे राहिले. पाणी डोक्यावर धबाधब पडत होतं. आत ते हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. बाहेरून मात्र लालसिंग ओरडत होते, “गुरुजी, शेवाळ हाये, सांभाळून! आनखी एक अंगठा सुजला तं कोन उचलंन?”

“भाऊ,” आतून आवाज आला, “काढा ना फोटो! माणूस उभा असला म्हंजे माप कळते!”

मी बाराच्या बारा फोटो काढले. भिंगावर तुषार बसत होते, लालसिंगांच्या पागोट्याच्या टोकानं पुसत होतो. घरी येऊन धुतले तेव्हा अकरा धूसर आणि एक बरा निघाला. खरं सांगायचं तर जुना खोटा फोटो यापेक्षा देखणा होता. संपादकांनीही कळवलं, ‘माणूस नसलेला असल्यास पाठवावा.’ मी उलट कळवलं, नाही. सोबत आहे तो तोच. डावीकडं पांढरा ठिपका दिसतो ते मनवर गुरुजी. त्यांच्या पाचपट उंच जे आहे ते घुमरी.

परतीच्या वाटेवर गुरुजींनी एकच गोष्ट मागितली. “शाळेत या. मी गाव बसवतो. मले जसं सांगतलं तसंच सांगा. तरोट्यासकट.”

मी विचार करायच्या आत हो म्हणालो. विचार केला असता तर म्हणालो नसतो.

पुढचा शनिवार, गुरुजींची शाळा

सकाळच्या शाळेनंतर पडवीत सतरंजी टाकली होती. पोरं पुढं, बाया एका बाजूला, माणसं भिंतीला टेकून. मला खुर्ची दिली होती. मी उभा राहिलो. बसलो असतो तर पुन्हा उठलो नसतो. सांगायला सुरुवात केली तेव्हा शांतता होती. तरोट्यापाशी आलो तेव्हा बायांत खसखस पिकली. दीड हाताचं माप दाखवलं तेव्हा पोरं लोळायला लागली. पण मी म्हणालो, “गुरुजींनी तुमच्या मुलांना बरोबर ठिकाणी नेलं होतं. खोटं बोललो मी. ताप त्या मुलाला आला आणि बोल गुरुजींना लागला, तो माझा होता.” तेव्हा कोणी हसलं नाही.

भिंतीजवळून एक उंच माणूस उठला. गुरुजी पुटपुटले, “नामदेवभाऊ.” मी खुर्चीमागं सरकलो. तो माझ्याकडं आलाच नाही. गुरुजींसमोर जाऊन उभा राहिला.

“गुरुजी, मी तुम्हाले लय बोललो. चारचौघांत बोललो. तुमच्या घरच्यायलेबी बोललो.”

“बोलले, खरं हाये,” गुरुजी म्हणाले. “ताप तुमच्या पोराले आलता. मीबी बोललो असतो. पण घरच्यायले बोलायले नव्हतं पाह्यजे.”

नामदेव मान खाली घालून उभा राहिला. गुरुजींनी टेबलावरून कागद उचलला. सहलीला जाणाऱ्या पोरांची नावं लिहायचा. वर ‘घुमरी’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं, खाली सगळा कोरा. आठवडाभर तो तसाच पडला होता म्हणे.

“तुमची धाकटी चौथीत हाये ना? लिहू का नाव?”

नामदेवनं पडवीतल्या गर्दीकडं पाहिलं. गर्दी त्याच्याकडं पाहत होती. पाच वर्षांत गावानं एकही सहल निघू दिली नव्हती, आणि आता सगळे त्याच्या एका शब्दासाठी थांबले होते.

“लिहा,” तो म्हणाला. मग माझ्याकडं बोट करून, “पण गुरुजी, हे फोटोवाले संग नको!”

पडवी कोसळेल इतकं गाव हसलं. मीही हसलो. गुरुजींनी नाव लिहिलं, शाई वाळायला कागदावर फुंकर मारली.

“येतीन ना,” ते म्हणाले. “पोरायच्या भाकरीचं गाठोडं कोण उचलंन मग?”